परिचारिका होण्याचा मार्ग : बेंगळुरूतील प्रशिक्षण, नोंदणी आणि प्रवेशापूर्वीची चौकशी

बेंगळुरू : बारावीचा निकाल हाती पडला की परिचर्येच्या शिक्षणासाठी बेंगळुरूची चौकशी सुरू होते. ती केरळात होते, ईशान्य भारतात आणि पश्चिम बंगालमध्ये होते, तशीच बेळगाव-कोल्हापूरच्या पट्ट्यातही होते. शहरात परिचर्या शाळा व महाविद्यालये मोठ्या संख्येने आहेत, मोठी रुग्णालये आहेत आणि शिक्षण संपल्यावर काम मिळण्याची शक्यताही अधिक आहे. मात्र ‘नर्सिंग’ या एकाच शब्दाखाली येथे दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, तीन वर्षांची पदविका आहे, चार वर्षांची पदवी आहे आणि काही महिन्यांत मिळणारी प्रमाणपत्रेही आहेत. यांपैकी कोणत्या शिक्षणानंतर कायद्याने परिचारिका म्हणून काम करता येते आणि कोणत्या शिक्षणानंतर येत नाही, हा फरक माहितीपत्रकाच्या गुळगुळीत कागदावर क्वचितच ठळकपणे दिसतो. तो कळतो राज्य परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत. तेथे नाव चढले, तर हातात परवाना आला. नाही चढले, तर भिंतीवर लावलेले प्रमाणपत्र केवळ कागद ठरतो.

अमेरिकेत ‘लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स’ असा एक स्वतंत्र वर्ग आहे. कॅलिफोर्निया आणि टेक्सास या दोन राज्यांत त्यालाच ‘व्होकेशनल नर्स’ म्हणतात. साधारण वर्षभराचे प्रशिक्षण, त्यानंतर राष्ट्रीय पातळीवरील परवाना परीक्षा आणि पुढे नोंदणीकृत परिचारिकेच्या देखरेखीखाली खाटेजवळची शुश्रूषा, असे तिचे स्वरूप असते. भारतात तंतोतंत असा वर्ग नाही. त्याच्या सर्वांत जवळ जातो तो सहायक परिचारिका प्रसाविका, म्हणजेच एएनएम अभ्यासक्रम. पण या दोहोंचे मूळ भिन्न आहे आणि विद्यार्थिनींची फसगत होते ती याच ठिकाणी.

एएनएमची कल्पना रुग्णालयासाठी जन्मली नाही. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ मध्ये सादर केलेल्या अहवालात देशातील प्रशिक्षित परिचारिकांच्या तीव्र टंचाईवर बोट ठेवले होते. गावोगावी गर्भवतींची तपासणी, बाळंतपण आणि बालकांची देखभाल करू शकेल असे मनुष्यबळ थोड्या काळात उभे करणे निकडीचे होते. १९५१ मध्ये पंजाबातील तरनतारन येथील सेंट मेरी रुग्णालयात दोन वर्षांचा एएनएम अभ्यासक्रम सुरू झाला. पुढे १९७३ मध्ये कर्तारसिंग समितीने एकेका रोगासाठी वेगळा कर्मचारी नेमण्याऐवजी बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी नेमण्याची शिफारस केली आणि एएनएमचे रूपांतर उपकेंद्रावरील आरोग्यसेविकेत झाले. सपाट प्रदेशात ५,००० आणि डोंगराळ वा आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र हा शासकीय निकष आहे. त्या उपकेंद्राचा कणा म्हणजे ही सेविका. महाराष्ट्रात तिला ‘सिस्टर’ किंवा ‘नर्सबाई’ म्हणतात. कर्नाटकात तिच्या पदाचे नाव दीर्घकाळ ‘कनिष्ठ आरोग्य साहाय्यिका’ असे होते.

अभ्यासक्रमाची घडणही त्याला साजेशी आहे. पहिल्या वर्षी सामुदायिक आरोग्य परिचर्या, आरोग्यसंवर्धन, प्राथमिक आरोग्यसेवा आणि बालआरोग्य हे विषय असतात. दुसऱ्या वर्षी प्रसूतिविद्या आणि आरोग्य केंद्राचे व्यवस्थापन येते व अखेरीस सहा महिन्यांची आंतरवासिता असते. प्रवेश फक्त महिलांना मिळतो. बारावी उत्तीर्ण असणे आणि वयाची १७ वर्षे पूर्ण असणे आवश्यक असून कमाल वय ३५ आहे. कला शाखेच्या विद्यार्थिनीलाही हा मार्ग खुला असतो आणि अनेक कुटुंबांच्या दृष्टीने तीच निर्णायक बाब ठरते. शिक्षण पूर्ण झाल्यावर नोंदणी होते ती ‘नोंदणीकृत सहायक परिचारिका व प्रसाविका’ म्हणून. ती ‘नोंदणीकृत परिचारिका’ नव्हे. शब्द एकाच्या फरकाचा असला, तरी पुढील सारी कारकीर्द त्यावर ठरते.

पदविका, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी किंवा जीएनएम, ही मात्र रुग्णालयातील संपूर्ण परिचर्येची पात्रता आहे. पूर्वी ती साडेतीन वर्षांची होती. भारतीय परिचर्या परिषदेने २०१५ मध्ये अभ्यासक्रमाची फेररचना करून आंतरवासितेसह तीन वर्षांचा कालावधी निश्चित केला. मुलगे आणि मुली दोघांनाही प्रवेश आहे. बारावीला इंग्रजीसह किमान ४० टक्के गुण आवश्यक असतात. विज्ञान शाखेला प्राधान्य असले, तरी इतर शाखांना दार बंद नाही. नोंदणीकृत एएनएमलाही या पदविकेला प्रवेश घेता येतो. दोन वर्षांच्या शिक्षणावर थांबलेल्या अनेकींसाठी पुढे सरकण्याचा हाच मुख्य मार्ग आहे.

पहिल्या वर्षी शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, मानसशास्त्र, समाजशास्त्र, आहार, प्रथमोपचार आणि परिचर्येची मूलतत्त्वे हे विषय असतात. दुसऱ्या वर्षी वैद्यकीय व शल्य परिचर्या, मानसिक आरोग्य परिचर्या आणि बालपरिचर्या येते. तिसऱ्या वर्षी प्रसूतिविद्या व स्त्रीरोग परिचर्या, सामुदायिक आरोग्याचा उत्तरार्ध, मग आंतरवासिता आणि त्यासोबत कक्षव्यवस्थापन, अध्यापन व संशोधनाची तोंडओळख. कागदावरील ही यादी वाचून या शिक्षणाची कल्पना येत नाही. पहिले काही आठवडे कौशल्य प्रयोगशाळेत जातात. रुग्ण खाटेवर असतानाच चादर कशी बदलायची, अंग पुसून कसे घ्यायचे, बेडपॅन कसे द्यायचे, नाडी-श्वास-तापमान मोजून तक्त्यावर कसे नोंदवायचे, पुतळ्यावर इंजेक्शन कसे द्यायचे, हे सारे तेथे शिकवले जाते. त्यानंतर गणवेश, दीपप्रज्वलनासह शपथविधी आणि प्रत्यक्ष कक्ष. रात्रपाळी येथूनच सुरू होते. कोणी शिक्षण अर्धवट सोडणार असेल, तर बहुधा याच टप्प्यावर सोडते, असे या क्षेत्रातील जाणकार सांगतात; आणि यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही, कारण सतरा-अठरा वर्षांच्या मुलीला मृत्यू प्रथमच इतक्या जवळून दिसत असतो.

परिषदेच्या नियमानुसार तासिका आणि प्रात्यक्षिके यांत किमान ८० टक्के हजेरी असल्याखेरीज परीक्षेला बसता येत नाही. प्रात्यक्षिकाची हजेरी तर प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी १०० टक्के भरून काढावी लागते. आजारपणामुळे बुडालेली पाळीही नंतर करावी लागते. विद्यार्थिनीने कोणत्या कक्षात किती दिवस काम केले, किती बाळंतपणे पाहिली आणि किती स्वतः देखरेखीखाली केली, याची नोंद तिच्या नोंदपुस्तिकेत असते आणि त्यावर पाठ्यनिर्देशिकेची सही लागते. एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण हे प्रमाण राखले जावे, असे मानक आहे. याचा साधा अर्थ असा की शाळेची इमारत कितीही देखणी असली, तरी तिच्यामागे पुरेशा खाटांचे चालते रुग्णालय नसेल, तर त्या शिक्षणाचा गाभाच पोकळ राहतो.

खाटांच्या बाबतीत बेंगळुरू भाग्यवान शहर आहे. येथील बोअरिंग रुग्णालयाची स्थापना १८६८ची. गुड शेफर्ड संघाच्या भगिनींनी १८८६ मध्ये सेंट मार्थाज रुग्णालय सुरू केले. म्हैसूर संस्थानाच्या काळात उभारलेले व्हिक्टोरिया रुग्णालय १९०० मध्ये लॉर्ड कर्झन यांच्या हस्ते खुले झाले. त्याच्याच शेजारी महिला व बालकांसाठी वाणीविलास रुग्णालय आहे. मानसिक आरोग्य परिचर्येसाठी निम्हान्स ही देशातील अग्रगण्य संस्था येथेच असून मनोरुग्ण परिचर्येचे पदव्युत्तर प्रशिक्षण तिच्या पूर्वसंस्थेत १९५०च्या दशकापासून दिले जाऊ लागले. शहरातील आणि शहराबाहेरील अनेक परिचर्या शाळा मानसिक आरोग्याच्या प्रात्यक्षिकासाठी आपले विद्यार्थी तेथे पाठवतात. स्वतःचे मोठे रुग्णालय असलेल्या संस्थेत विद्यार्थिनी वसतिगृहातून चालत कक्षात जाते. ज्यांच्याकडे ते नाही, त्या संस्था विद्यार्थ्यांना बसने दूरच्या रुग्णालयात नेतात, आणि तेथे एकाच खाटेभोवती तीन-तीन शाळांचे गणवेश उभे दिसण्याचा प्रसंगही येतो. प्रवेशापूर्वी ‘वसतिगृह कसे आहे’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक पालक विचारतो. ‘प्रात्यक्षिक कोणत्या रुग्णालयात, तेथे किती खाटा आणि त्या रुग्णालयाशी लेखी करार आहे का’ हा प्रश्न मात्र अभावानेच विचारला जातो.

भाषेचा मुद्दाही दुय्यम नाही. शिक्षण इंग्रजीतून होते. पण रुग्ण कन्नड, तमिळ, तेलुगू, दखनी उर्दू बोलतात. ‘कुठे दुखते’, ‘लघवी झाली का’, ‘ही गोळी जेवणानंतर’ एवढे तरी कन्नडमध्ये बोलता आले नाही, तर प्रात्यक्षिक मुके राहते. सीमाभागातील मराठी विद्यार्थ्यांना या बाबतीत थोडा फायदा असतो. विदर्भ किंवा खानदेशातून येणाऱ्यांना पहिले सहा महिने जड जातात.

परीक्षा आणि नोंदणी यांची व्यवस्था राज्यानुसार बदलते. कर्नाटकात जीएनएमची परीक्षा बेंगळुरूतील कर्नाटक राज्य परिचर्या पदविका परीक्षा मंडळ घेते. बीएस्सी आणि त्यापुढील पदव्या १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येतात. नोंदणी होते ती राज्याच्या १९६१च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या कर्नाटक राज्य परिचर्या परिषदेत. महाराष्ट्रात हेच काम १९६६च्या कायद्याखाली महाराष्ट्र परिचर्या परिषद करते. या सर्वांच्या वर, शिक्षणात देशभर एकसमानता राहावी म्हणून, १९४७च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद अस्तित्वात आली. एका राज्यात घेतलेली पात्रता दुसऱ्या राज्यात मान्य व्हावी, हा त्या कायद्याचा एक प्रमुख हेतू होता.

कर्नाटकात नेमक्या याच दुव्यावर वाद उभा राहिला. परिचर्या संस्थांना मान्यता देण्याचा अधिकार भारतीय परिचर्या परिषदेला आहे की राज्य परिषद व विद्यापीठाची मान्यता पुरेशी आहे, हा प्रश्न संस्थाचालकांच्या संघटनेने कर्नाटक उच्च न्यायालयात नेला. जुलै २०१७च्या निकालात न्यायालयाने संस्थांना मान्यता देण्याचा अधिकार राष्ट्रीय परिषदेला नसल्याचे म्हटले. संस्थाचालकांच्या दृष्टीने हा विजय होता. विद्यार्थ्यांच्या बाजूने पाहिले, तर चित्र गुंतागुंतीचे होते. परिषदेच्या यादीत कर्नाटकातील संस्थांची नावे दिसेनाशी झाली आणि ती यादी प्रमाण मानणाऱ्या इतर राज्यांत, विशेषतः मोठ्या संख्येने विद्यार्थी पाठवणाऱ्या केरळात, शैक्षणिक कर्ज आणि पुढील नोंदणी यांबाबत चिंता पसरली. न्यायालयातील वाद संस्था आणि परिषद यांच्यात होता. त्याची झळ तीन वर्षांनी पदविका हाती घेऊन गावी परतणाऱ्या मुलीपर्यंत पोहोचणारी होती.

म्हणून महाराष्ट्रातून किंवा गोव्यातून बेंगळुरूला शिकायला जाणाऱ्याने एक चौकशी आधीच करून ठेवणे हिताचे असते. ज्या संस्थेत प्रवेश घ्यायचा, तेथील पदविकेच्या आधारे आपल्या राज्याच्या परिषदेत नोंदणी मिळेल का, आणि मिळणार असेल तर कोणत्या अटींवर, हे त्या परिषदेकडेच लेखी विचारावे. संस्थेच्या प्रवेश कक्षातील तोंडी आश्वासन या कामी उपयोगाचे नाही. कर्नाटक परिषदेची त्या वर्षाची मान्यता, मंजूर जागांची संख्या आणि परीक्षा मंडळाशी असलेली संलग्नता या तीन बाबींचे कागद पाहायला मागण्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही. मंजूर जागांपेक्षा अधिक प्रवेश दिले गेले असतील, तर अडचण शेवटच्या परीक्षेच्या अर्जावेळी उभी राहते आणि तोपर्यंत शुल्क भरून झालेले असते. दहावी-बारावीची मूळ प्रमाणपत्रे पडताळणीनंतर परत मिळणार की नाहीत, हेही आधीच विचारावे. शुल्काच्या आकड्यात वसतिगृह, गणवेश, प्रात्यक्षिकाचे रुग्णालय शुल्क, बसभाडे, परीक्षा शुल्क आणि नोंदणी शुल्क यांपैकी काय समाविष्ट आहे आणि काय नाही, यावर एकूण खर्च बराच बदलतो.

सर्वांत मोठा धोका मात्र वेगळाच आहे. ‘नर्सिंग असिस्टंट’, ‘जनरल ड्युटी असिस्टंट’, ‘पेशंट केअर’ अशा नावांचे काही महिन्यांचे अभ्यासक्रम कौशल्य विकासाच्या छत्राखाली चालतात. रुग्णसेवेतील साहाय्यकाचे काम शिकवणारे ते उपयुक्त प्रशिक्षण आहे आणि ते प्रामाणिकपणे तेवढेच सांगितले गेले, तर त्यात गैर काही नाही. परंतु त्यानंतर परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही. त्या प्रमाणपत्रावर औषध टोचण्याचा किंवा परिचारिका म्हणवून घेण्याचा अधिकार मिळत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोग कायद्याने ही रेषा अधिक ठळक केली. १९४७च्या कायद्याची जागा घेणाऱ्या या कायद्यात २९ सदस्यांचा राष्ट्रीय आयोग, तीन स्वायत्त मंडळे, राज्य आयोग आणि राष्ट्रीय नोंदवहीची तरतूद आहे. नोंदणीविना पात्र व्यावसायिक म्हणून परिचर्या करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. प्रमाणपत्र देणारी संस्था त्या वेळी बहुधा चित्रात नसते. कक्षात उभी असते ती मुलगी.

खासगी रुग्णालयांतील वास्तव या रेषेशी नेहमीच जुळते असे नाही. उपकेंद्रासाठी घडवलेली एएनएम शहरातील छोट्या रुग्णालयांत आणि शुश्रूषागृहांत रुग्णाच्या खाटेजवळ काम करताना सर्रास आढळते. काम जीएनएमचे आणि वेतन त्याहून कमी, असा तो व्यवहार असतो. चूक घडली, तर ‘तुमची पात्रता काय’ हा प्रश्न तिलाच विचारला जातो. अमेरिकी पद्धतीतील प्रॅक्टिकल नर्सच्या कामाच्या मर्यादा राज्याच्या कायद्याने आखलेल्या असतात. आपल्याकडे खासगी कक्षातील एएनएमच्या कामाची मर्यादा बहुतांशी तिच्या परिसेविकेच्या विवेकावर सोडलेली आहे.

वेतनाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडियाच्या याचिकेवर जानेवारी २०१६ मध्ये न्यायालयाने केंद्राला समिती नेमण्यास सांगितले. त्या समितीने २०० पेक्षा अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयांत परिचारिकांना राज्य शासनाच्या समकक्ष श्रेणीइतके वेतन असावे, १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयांत ते १० टक्क्यांपेक्षा अधिक कमी नसावे, ५० ते १०० खाटांच्या ठिकाणी २५ टक्क्यांपेक्षा अधिक कमी नसावे आणि त्याहून लहान रुग्णालयांतही दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस केली. अंमलबजावणीचा भार राज्यांवर होता आणि ती सर्वत्र सारखी झाली नाही. नोकरीच्या मुलाखतीला जाणाऱ्या नवोदित परिचारिकेला हे आकडे ठाऊक असलेले बरे.

मराठी समाजाला हा व्यवसाय नवा नाही. मुंबईत १८९१ मध्ये प्रशिक्षणासाठी दाखल झालेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत पहिल्या भारतीय प्रशिक्षणार्थींमध्ये घेतले जाते. रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने परिचर्येचे शिक्षण सुरू केले, तेव्हा विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांसाठी ती स्वावलंबनाची वाट होती. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावण्याचे काम घरंदाज स्त्रीने करावे का, असा वाद त्या काळी होता. आज तो वाद राहिलेला नाही. त्याची जागा शुल्काच्या हिशेबाने घेतली आहे.

पदविका संपल्यावर पुढे वाटा आहेत. नोंदणीकृत जीएनएमला दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी करता येते. सहा महिन्यांचा सामुदायिक आरोग्याचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम पूर्ण करून आरोग्यवर्धिनी केंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होता येते. एएनएमला शासकीय सेवेत बढतीच्या प्रशिक्षणानंतर आरोग्य साहाय्यिकेचे पद मिळू शकते. परदेशाच्या दृष्टीने मात्र एएनएम आणि जीएनएम यांच्यातील दरी मोठी आहे. ब्रिटनच्या परिचर्या परिषदेत नोंदणीसाठी भाषेची चाचणी, संगणकाधारित परीक्षा आणि नंतर तेथे जाऊन प्रात्यक्षिक परीक्षा द्यावी लागते. जीएनएम पात्रतेच्या अनेक भारतीय परिचारिका या मार्गाने गेल्या आहेत. जर्मनीसाठी जर्मन भाषेची तयारी अपरिहार्य असते. एएनएमचा विचार बहुतेक देशांत पूर्ण परिचारिका म्हणून होत नाही आणि अमेरिकेतील प्रॅक्टिकल नर्सचा परवानाही तिला आपोआप मिळत नाही. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमावर ‘परदेशी नोकरी’चे आमिष दाखवणाऱ्या जाहिरातींकडे या पार्श्वभूमीवर पाहायला हवे.

पदविका बंद करून बीएस्सी हीच एकमेव प्रवेशपात्रता ठेवण्याचा निर्णय भारतीय परिचर्या परिषदेने २०१९ मध्ये मांडला होता. ठरल्या मुदतीत तो अमलात आला नाही आणि जीएनएमचे वर्ग सुरू राहिले. बारावीला विज्ञान शाखा नसलेल्या किंवा चार वर्षांचा खर्च न झेपणाऱ्या मुलांसाठी पदविका हाच पूर्ण परिचारिका होण्याचा दरवाजा असल्याने त्या निर्णयाचे परिणाम दूरगामी ठरले असते. कर्नाटकात बीएस्सीच्या शासकीय कोट्यातील जागा कर्नाटक परीक्षा प्राधिकरणामार्फत भरल्या जातात आणि तेथे विज्ञान शाखेची अट कायम आहे.

अंतिम परीक्षेचा निकाल लागल्यावर कर्नाटक परिषदेत नोंदणीचा अर्ज करावा लागतो. भारतीय परिचर्या परिषदेच्या राष्ट्रीय नोंदणी प्रणालीत परिचारिकेला आधारशी जोडलेला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. दुसऱ्या राज्यात काम करायचे असेल, तर मूळ परिषदेचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन नव्या परिषदेत नाव नोंदवावे लागते. या कामाला लागणारा वेळ धरूनच नोकरीची तारीख ठरवावी. नोंदणी एकदा झाली म्हणजे आयुष्यभर पुरते असे नाही. ठरावीक मुदतीनंतर नूतनीकरण करावे लागते आणि त्यासाठी निरंतर शिक्षणाचे तास दाखवावे लागतात. विवाहानंतर नाव बदलले असल्यास राजपत्रातील नोंद किंवा विवाह प्रमाणपत्रासह परिषदेला कळवणे आवश्यक असते, अन्यथा पदविकेवरील नाव आणि नोंदवहीतील नाव यांचा मेळ बसत नाही व शासकीय भरतीत कागदपत्रांच्या छाननीत अर्ज अडकतो.